लॅपटॉप सुरू होत नाही, फॉरमॅट मारावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, बॅग काउंटरवर ठेवतं आणि चेन उघडायच्या आधीच निदान सांगून मोकळं होतं: ‘सुरू होत नाही, फॉरमॅट मारून दे.’ पुष्कळदा फॉरमॅटची, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायची, गरजच नसते. जेव्हा असते तेव्हा त्याआधी करायच्या दोन-चार गोष्टी राहून गेलेल्या असतात, आणि त्या नंतर करता येत नाहीत. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. इथे येणारे लॅपटॉप बहुतेक विंडोजचेच असतात, त्यामुळे मजकूरही बहुतेक विंडोजचाच आहे.

‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलंय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

बटन दाबल्यावर गाडी कुठपर्यंत जाऊन थांबते ते बघा. लाइटच लागत नसेल तर चार्जर, बॅटरी नाहीतर मदरबोर्ड. लाइट लागते, पंखा फिरतो, पण कंपनीचं नावही स्क्रीनवर येत नसेल तर रॅम, डिस्प्ले किंवा बोर्ड. कंपनीचं नाव दिसलं आणि त्यानंतर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत काही आलं तर डिस्कवर संशय घ्यायचा. गोल फिरणारे ठिपके दिसतात आणि तिथेच अडकतं, किंवा निळी स्क्रीन येते, तेव्हाच विंडोजचं नाव काढायचं.

कंपनीचं नाव येईपर्यंत विंडोजचा काडीचा संबंध नसतो. तोवरचं सगळं काम मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम करतो. जुने लोक त्याला बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये तो यूईएफआय असतो, बोलताना सगळे बायोसच म्हणतात. तो रॅम तपासतो, डिस्क शोधतो, डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमधली (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागातली) बूट फाइल, म्हणजे विंडोज चालू करणारी फाइल, उघडतो, आणि मग विंडोजची पाळी येते. त्याआधी गाडी थांबली असेल तर विंडोज दहा वेळा टाकली तरी फरक पडणार नाही.

लाइट लागते, पंखाही फिरतो, पण स्क्रीन काळीच. विंडोज गेली ना?

नाही गेली. आधी चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटन तीसेक सेकंद दाबून धरा आणि मग फक्त चार्जर लावून चालू करून बघा. आत साठलेला चार्ज निघून गेला की काही मशीन एवढ्यावरच उठतात. खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च तिरका स्क्रीनवर मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय, लॅपटॉप बिचारा चालूच आहे. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडूनही हे कळतं. एचपीच्या मशीनमध्ये कॅप्स लॉकची लाइट ठरावीक वेळा लुकलुकते, डेलमध्ये पॉवरची लाइट दोन रंगांत लुकलुकते. किती वेळा ते मोजून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

यातलं काहीच नसेल तर आमच्याकडे पहिला हात रॅमलाच जातो. मागचं झाकण काढायचं, बॅटरीची पिन सोडवायची, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढायच्या, पट्टी तिरकी होऊन वर येते. तिच्या कडेचे सोनेरी दात चकचकीत हवेत. आपल्याकडच्या मशीनमध्ये ते बऱ्याचदा मळकट, तपकिरी झालेले असतात. शाळेत वापरतात तो पांढरा खोडरबर घेऊन दातांवर हलक्या हाताने फिरवायचा. खोडरबराचा चुरा काळा पडतो, दात पुन्हा चमकतात. चुरा ब्रशने झाडून काढायचा, फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. पट्टी परत बसवताना ‘टक’ आवाज यायला हवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यानंतर विंडोज जशीच्या तशी वर आलेली मी इतक्या वेळा पाहिलीय की फॉरमॅट हा शब्द ऐकला की आधी खोडरबर शोधतो.

हे सगळं पावसाळ्यातच का होतं?

मृग लागला की आमचं काउंटर भरायला लागतं. हवेत पाणी, किनाऱ्याच्या बाजूला वाऱ्यात मीठ, भिंतींना ओल. धातूच्या संपर्काच्या जागांवर थर चढतो. त्यात भर म्हणजे लॅपटॉप महिनोन्महिने बंद करून गोदरेजच्या कपाटात ठेवलेला असतो, चवथीला मुंबईहून मुलगा आल्यावर बाहेर निघतो. रोज तासभर चालवलेलं मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं, बंद ठेवलेलं दमटतं. ठेवायचाच असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ बाष्प फारसं ओढत नाही, आणि त्याची पूड पोर्टमध्ये बसते ती टोकरून आम्हालाच काढावी लागते.

मे महिन्याच्या शेवटी आणि दसऱ्यानंतरच्या विजांच्या दिवसांत चार्जर भिंतीतून उपटून ठेवायचा. फक्त बटन बंद करून भागत नाही.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं येतं. आता?

बायोसमध्ये जा आणि डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. (एफ२ बहुतेक ठिकाणी चालतो, एचपीमध्ये एफ१०.) नावच दिसत नसेल तर डिस्क सैल झालीय किंवा मेलीय. ती उघडून पुन्हा नीट बसवली की कधी कधी काम होतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि आतून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी आतली सुई तबकडीला आणखी ओरखडे पाडते. डेटा महत्त्वाचा असेल तर तशीच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवायची.

नाव दिसतंय, तरी बूट होत नाही? मग बायोसमधलं घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर आतली छोटी बॅटरी संपली असणार. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये ती सीआर२०३२ नावाची बटनासारखी बॅटरी असते, घड्याळाच्या दुकानात सहज मिळते. ती संपली की बायोसचे सेटिंग मूळपदावर जातात, यूईएफआयच्या जागी लेगसी, म्हणजे बूट करायची जुनी पद्धत, होते किंवा डिस्क वाचायची पद्धत बदलते, आणि ठणठणीत विंडोज निळी स्क्रीन दाखवायला लागते. सेटिंग पूर्ववत केलं की सगळं जागेवर.

डिस्कची तब्येत तपासायची सोय मशीनमध्येच असते. एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स. डिस्क नापास झाली तर तिच्यावर विंडोज टाकू नका. कुजक्या वाशावर नवी कौलं घातल्यासारखं होईल.

फॉरमॅट न मारता विंडोज दुरुस्त होते का?

पुष्कळदा होते. ठिपके फिरायला लागले की पॉवर बटन दाबून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी विंडोज आपण होऊन निळा रिकव्हरी मेनू दाखवते. त्यात ‘ट्रबलशूट’मधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. मी ज्या क्रमाने बघतो तो असा: आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग अलीकडचं अपडेट काढून टाकणं, मग ‘सिस्टम रिस्टोर’, मग सेफ मोड (म्हणजे फक्त अगदी गरजेपुरती विंडोज चालू करणं). यातल्या कशानेही फाइल्स जात नाहीत. शेवटी ‘रीसेट धिस पीसी’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फाइल्स राहतात, टाकलेले प्रोग्राम जातात. तिथे ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा दुसरा पर्याय अगदी खालीच असतो, घाईत बोट तिकडे जाऊ देऊ नका.

१९ जुलै २०२४ आठवतोय? जगभर विमानतळांवर, बँकांत निळ्या स्क्रीन आल्या होत्या. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट बिघडलं होतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन आडवी झाली. त्यातल्या बहुतेकांना फॉरमॅट मारायची गरज नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की मशीन उठत होतं. निळी स्क्रीन आली की मी गिऱ्हाइकाला हेच उदाहरण देतो.

विंडोज नव्याने टाकली तर फोटो आणि फाइल्स जातील का?

सी ड्राइव्हवरच्या जातील. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे तिन्ही सी ड्राइव्हवरच असतात. ‘माझं सगळं डेस्कटॉपवर आहे, सी मध्ये काही नाही’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो.

मशीन उठत नसलं तरी डिस्क जिवंत असेल तर फाइल्स काढता येतात. उबंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या फुकट सिस्टमचे दोन प्रकार) पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन चालू करा, ‘ट्राय’ निवडा. इन्स्टॉल करू नका. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हात लावत नाही. फाइल मॅनेजरमध्ये तुमची विंडोजची डिस्क दिसेल, ‘यूजर्स’ फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असेल, ते अख्खं बाहेरच्या हार्ड डिस्कवर ओढून टाका. विंडोज नीट बंद झाली नसेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचायला उघडतं. कॉपी करायला तेवढं पुरतं.

काय काय काढायचं याचा विचार मात्र दहा मिनिटं शांत बसून करा. टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, स्कॅन केलेले जमिनीचे कागद, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. व्हॉट्सॲपची चिंता नको, ते फोनवर असतं.

आता माझं स्पष्ट मत. पैसे परवडत असतील तर जुन्या डिस्कवर विंडोज टाकूच नका. नवी एसएसडी (न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क) घ्या, विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून कपाटात ठेवा. सहा महिन्यांनी ‘अरे, तो अमुक कागद राहिला की’ असं आठवलं तर तो तिथे असेल. फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप असेल तर वेगातला फरक पाहून नवा घेतल्यासारखं वाटेल, ते वेगळंच.

मशीन ४८ आकडी किल्ली मागतंय. मी तर कुठलंच कुलूप लावलं नव्हतं.

तुम्ही नाही, विंडोजने लावलं. नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने चालू केला की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून हे आणखी जास्त मशीनवर होऊ लागलं. बायोस अपडेट झालं, बोर्ड बदलला, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की ती किल्ली मागते.

किल्ली त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी हा पत्ता उघडा (इंग्रजी अक्षरांत), लॉगिन करा, किल्ल्यांची यादी दिसेल. स्क्रीनवर किल्लीच्या ओळखीचे आठ आकडे-अक्षरं असतात, ती यादीशी जुळवायची. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारा. मुलाने कॉलेजच्या ईमेलने चालू करून दिलेला असेल तर त्या ईमेलमध्ये बघा. आमच्याकडे बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं: अकाउंट कुणाच्या नावाने उघडलं होतं हेच घरात कुणाला आठवत नाही.

किल्ली सापडलीच नाही तर आतला डेटा गेला. मी, माझा गुरू, दिल्लीचा कुठला मोठा इंजिनिअर, कुणीही तो काढू शकत नाही. कुणी ‘काढून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागितले तर तिथून उठा. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला मात्र किल्ली लागत नाही.

फॉरमॅटनंतर माझ्या मराठी फाइल्समध्ये भलतंच काहीतरी दिसतंय. व्हायरस आहे का?

हा प्रश्न मुंबईकर दुरुस्तीवाल्याला किती येतो माहीत नाही, मला फोंडा, डिचोली, पेडणे पट्ट्यातून सतत येतो. एका भजनी मंडळाच्या काकांनी पंधरा वर्षांत टाइप केलेले अभंग आणि गौळणी एका लॅपटॉपवर होत्या. फाइल्स मी व्यवस्थित काढल्या, विंडोज टाकली, फाइल्स परत ठेवल्या. काकांनी दुकानातच वर्डची फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. ‘रूप पाहता लोचनी’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची खिचडी.

फाइल बिघडलेली नव्हती. युनिकोड (मराठी अक्षराला मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) येण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये, म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव, सी-डॅकच्या आयएसएममधला सुरेख वगैरे, अक्षर मुळात इंग्रजी चिन्ह म्हणूनच साठवलेलं असतं. फाँट त्याच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉरमॅट मारला की फाँट जातो, मुखवटा जातो, खाली जे होतं ते दिसतं. तोच फाँट परत टाकला की अभंग परत.

म्हणून लिनक्समधून फाइल्स काढताना सी ड्राइव्हमधलं ‘विंडोज’ आणि त्यातलं ‘फाँट्स’ हे फोल्डरही उचला. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं यूएसबीचं डाँगल असेल तर तेही जपा. काकांची जुनी डिस्क मी नशिबाने पुसली नव्हती, तिच्यातून फाँट निघाला. पुढे सवडीने त्या फाइल्स कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून घेतल्या. जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागलं, ते काम काकांनी स्वतः आनंदाने केलं.

नव्याने टाइप करायला आता वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि कीबोर्ड ‘मराठी फोनेटिक’ निवडा. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून तो विंडोजमध्येच आहे. इन्स्क्रिप्टची सवय असणाऱ्यांसाठी तोही आहेच.

पेनड्राइव्ह कसा तयार करायचा?

निदान ८ जीबीचा घ्या, १६ असला तर बरं. त्यावरचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. दुसऱ्या विंडोज मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा आणि ते विचारेल त्याला हो म्हणत जा. डाउनलोड पाच जीबीहून मोठं आहे, मोबाईल डेटावर करत असाल तर दिवसाचा कोटा आधी बघा.

आयएसओ फाइल (अख्खी विंडोज एकाच फाइलीत बांधलेली) उतरवून ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर बूट होत नाही. दर महिन्याला दोघे-तिघे हे करून येतात. आयएसओ असेल तर रूफस नावाचा फुकट प्रोग्राम वापरा. पार्टिशन स्कीम विचारेल तेव्हा गेल्या दहाएक वर्षांतल्या मशीनसाठी जीपीटी.

घरात दुसरा कॉम्प्युटरच नाही.

शेजाऱ्याचा तासभर मागा, शाळेच्या लॅबमध्ये विचारा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या. काही एचपी आणि डेल मशीनमध्ये बायोसमधूनच इंटरनेटवरून रिकव्हरी उतरवायची सोय असते, तीही बघून घ्या.

पेनड्राइव्ह लावला, तरी त्यावरून चालूच होत नाही. कुठलं बटन?

चालू केल्या केल्या टकटक दाबत राहायचं, एकदाच दाबून वाट बघायची नाही. डेल आणि लेनोवो एफ१२, एचपी एफ९ (आधी एस्केप), आसुस एस्केप. एसरमध्येही एफ१२, पण तो बऱ्याचदा बायोसमध्ये जाऊन आधी सुरू करावा लागतो. लेनोवोच्या आयडियापॅडला बाजूला सुईएवढं छिद्र असतं, त्यात पिन टोचली की मेनू येतो. छोट्या लॅपटॉपवर एफच्या बटनांसोबत एफएनही दाबावं लागतं.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. एसएसडी मेली का?

बायोसमध्ये दिसते आणि इथे नाही, असं असेल तर मेलेली नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते, आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर (ती ओळखून चालवणारा छोटा प्रोग्राम) नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात सुटा करून ठेवा, आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा. डिस्क लगेच यादीत येते. या एका अडचणीपायी चांगल्या एसएसडी बदलायला निघालेली माणसं मी परत पाठवली आहेत.

यादीत चार-पाच पार्टिशन दिसतात. कुठलं पुसायचं?

इथे थांबा. चहा घ्या.

एकच डिस्क आहे आणि तिच्यावरचा डेटा बाहेर काढून झालाय, तर त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन डिलीट करून रिकाम्या जागेवर ‘नेक्स्ट’ दाबणं सगळ्यात स्वच्छ. लागणारी छोटी पार्टिशन विंडोज स्वतः करते. डी वेगळा ठेवायचा असेल तर त्याला हात न लावता बाकीची पुसा. आकारावरून ओळखा, नावांवर विश्वास ठेवू नका, इन्स्टॉलरमध्ये सी-डी अशी अक्षरं धड दिसत नाहीत.

दोन डिस्क असल्या तर जास्त जपा. माझ्या हातून घडलेलं सांगतो. एका गावच्या नाटकमंडळीचा लॅपटॉप होता, छोटी एसएसडी आणि एक टीबीची हार्ड डिस्क. मला वाटलं ‘डिस्क शून्य’ म्हणजे विंडोजचीच असणार. ती निघाली हार्ड डिस्क. पार्टिशन डिलीट केलं आणि मग आकडा वाचला. जत्रेच्या नाटकाची संहिता आणि तालमींचे व्हिडिओ त्यावर होते, प्रयोगाला आठ दिवस. घाम फुटला. नशीब एवढंच की पुढे काही दाबलं नव्हतं. डिस्क लगेच बाहेर काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि टेस्टडिस्क या फुकट प्रोग्रामने पुसलेलं पार्टिशन शोधून परत आणलं. नुसतं पार्टिशन पुसलं आणि वर काही लिहिलं नाही तर हे जमतं. विंडोज टाकून झाली असती तर नसतं जमलं. तेव्हापासून दोन डिस्क असल्या की दुसरीची पिन सोडवूनच मी काम सुरू करतो.

लायसन्स पुन्हा विकत घ्यावं लागेल का?

लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर नाही. विंडोज ८ पासून किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ म्हणा, इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होते. आवृत्ती मात्र तीच हवी. आपल्याकडे विकले जाणारे बरेच लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’चे असतात, त्यावर प्रो टाकली तर ती पैसे मागणारच. एसएसडी बदलली तरी चालतं, मदरबोर्ड बदलला तर अडचण.

क्रॅक आणि ‘ॲक्टिव्हेटर’ मी टाकत नाही. अँटिव्हायरस बंद करून अनोळखी माणसाचा प्रोग्राम मशीनचा मालक म्हणून चालवायचा आणि मग त्याच मशीनवर बँकेचं काम करायचं, हे मला पटत नाही. बाजूच्या दुकानात टाकून देतात, हे मला ठाऊक आहे.

विंडोज टाकून झाली, पण वाय-फाय दिसत नाही आणि इंटरनेटशिवाय पुढेच जाऊ देत नाही.

फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोजला ते वायरचं इंटरनेट वाटतं, ड्रायव्हर लागत नाही. पुढे गेलात की वाय-फायचा ड्रायव्हर अपडेटमधून येतो. आला नाही तर कंपनीच्या साइटवर मशीनचा सिरियल नंबर घालून उतरवा.

किती वेळ लागतो? मध्येच लाइट गेली तर?

एसएसडीवर विंडोज वीस-तीस मिनिटांत बसते. फिरत्या डिस्कवर तास-दीड तास धरा. त्यानंतरची अपडेटं आणि ड्रायव्हर यांना मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो, संध्याकाळ मोकळी ठेवा. लाइटची भीती बॅटरी मेलेल्या लॅपटॉपलाच. बॅटरी बरी असेल तर राउटर बंद पडेल एवढंच, तेव्हा फोनचं इंटरनेट वापरा. बायोस अपडेट मात्र गडगडाट चालू असताना करू नका. ते अर्ध्यात तुटलं तर बोर्डाचं काम निघतं.

सगळं झालं, रीस्टार्ट झालं, आणि पुन्हा पहिल्यापासून भाषा विचारतंय.

पेनड्राइव्ह काढा.

विंडोज १० चा जुना लॅपटॉप आहे. आता त्याच्यावर काय टाकू?

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपुढची चिप. जुन्या मशीनवर आडमार्गाने ती बसवता येते, पण पुढची अपडेटं मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही.

टॅली किंवा श्रीलिपी लागत नसेल, नुसतं ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओ असेल, तर एसएसडी घालून लिनक्स मिंट टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या २०१४ च्या लॅपटॉपवर असं करून दिलं. पहिल्या आठवड्यात चार फोन आले, सगळे प्रिंटरबद्दल. दुसऱ्या आठवड्यात एक. नंतर त्यांनी मैत्रिणीचा लॅपटॉप पाठवून दिला.

ॲपलचा मॅक असेल तर?

नव्या चिपच्या मॅकवर पॉवर बटन दाबून धरा, जुन्या इंटेल मॅकवर चालू होताना कमांड आणि आर. रिकव्हरीमधून मॅकओएस पुन्हा टाकता येते, फाइल्स सहसा राहतात. त्याहून पुढचं मॅकचं काम मी करत नाही.

दुकानात आणताना काय काय आणू?

चार्जर. अर्धे लोक चार्जर विसरतात आणि मग परत बसचं भाडं जातं. लॅपटॉपचा पिन कागदावर लिहून आणा, नंतर बदलून टाका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या ईमेलचा पासवर्ड आम्हाला सांगू नका, तो स्वतः टाका, कोड फोनवर येतो म्हणून फोनही सोबत असू द्या. जुनी डिस्क काढली असेल तर ती मागून घ्या, ती तुमची आहे, बिल फाडायच्या आधी मागा. कुठल्या फाइल्स हव्यातच याची यादी करून आणा, मराठीच्या असतील तर फाँटचं नावही. आणि लॅपटॉपच्या बॅगेत बिस्किटांचा उघडा पुडा ठेवत असाल तर येण्यापूर्वी बॅग उन्हात उलटी करून झटका. गेल्या मे महिन्यात एकाच्या कीबोर्डखालून मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड निघालं, अंड्यांसकट.